जर्मनीत रिकामं भाड्याचं घर कमी खर्चात कसं लावायचं: सोलापुरात बॅग भरण्यापासून घर सोडेपर्यंत

पोरगं जर्मनीला निघालं की सोलापुरातल्या घरात शेवटचे पंधरा दिवस सामानाचा ढीग वाढत जातो. आई कुकर बाजूला काढते, मावशी पोळपाट आणून देते, आजी म्हणते वाकळ ने, आणि वडील वजनकाट्यावर बॅग चढवून-उतरवून दमतात. एवढं करून पोरगं तिकडं पोचतं, किल्ली हातात घेतं, दार उघडतं, तर छतातून दोन वायरी लोंबतायत आणि स्वयंपाकघराच्या जागी भिंतीतून पाण्याचा पाइप बाहेर आलाय. ओटा नाही, शेगडी नाही, दिवा नाही. जर्मनीत रिकामं घर म्हणजे खरंच रिकामं. आधीचा भाडेकरू पडद्याचा रॉडसुद्धा काढून नेतो.

मी काही वर्षं श्टुटगार्टच्या बाजूला राहून आता जुळे सोलापुरात परत आलोय. निघण्याआधी ओळखीचे लोक विचारायला येतात, त्यांना जे तोंडी सांगतो तेच इथं क्रमानं लिहितोय. सगळ्या लेखामागचा हिशोब एकच आहे, तो आधीच सांगून टाकतो. परदेशातल्या भाड्याच्या घरात वस्तूची खरी किंमत म्हणजे घेताना दिलेले पैसे, अधिक आणायचा खर्च, वजा घर सोडताना तिचे आलेले पैसे. शंभर युरोला घेतलेलं जुनं टेबल दोन वर्षांनी ऐंशीला गेलं, तर ते वीस युरोला पडलं. ऐंशी युरोचं नवं टेबल कुणीच घेतलं नाही आणि टाकायलाही वेळ गेला, तर ते महागात पडलं. हा हिशोब डोक्यात ठेवलात की दुकानात निम्मे निर्णय आपोआप होतात.

घर बघतानाच खर्च ठरतो

फर्निचरचा खर्च दुकानात नंतर होतो, तो ठरतो मात्र घराची जाहिरात वाचताना. जाहिरातीत दोन भाडी असतात: काल्टमीटे, म्हणजे नुसत्या जागेचं भाडं, आणि वार्ममीटे, म्हणजे हीटिंग, पाणी, जिन्याची साफसफाई वगैरे धरून. विजेचं बिल बहुतेक वेळा याच्याही बाहेर. काउत्सियोन म्हणजे डिपॉझिट, ते कायद्यानं जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या काल्टमीटेइतकं घेता येतं, आणि भाडेकरूला ते तीन समान मासिक हप्त्यांत द्यायचा हक्क आहे. पहिल्या महिन्यात हातात पैसे हवे असतील तर हा हक्क वापरा. बरेच जण घर हातचं जाईल या भीतीनं सगळं एकरकमी भरतात आणि मग गादीला पैसे उरत नाहीत. घरमालकाशी करार झाल्यावर हे नम्रपणे विचारण्यात काही वावगं नाही.

'दोन त्सिमर' म्हणजे आपला टू-बीएचके नव्हे. तिथं हॉल धरून खोल्या मोजतात, म्हणजे तो आपला वन-बीएचके. हे आधी माहीत नसलं की सामानाचा अंदाज पहिल्यापासूनच चुकतो.

आता सगळ्यात महत्त्वाची तीन अक्षरं: ईबीके (EBK). जाहिरातीत हे दिसलं की घरात ओटा, कपाटं, सिंक, शेगडी आणि बहुतेक वेळा फ्रीज बसवलेला आहे. समजा असं घर महिन्याला 40 युरोनं महाग आहे. दोन वर्षांचे 960 युरो होतात. आकडा मोठा वाटतो. पण बिनस्वयंपाकघराच्या घरात तुम्ही जुनं स्वयंपाकघर विकत घेणार, ते दुसऱ्या घराच्या मापाचं असणार, ओटा कापावा लागणार, नळवाला लागणार, आणि शेगडीची जोडणी 400 व्होल्टवर असल्यानं ती इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्यावी लागणार. शिवाय सोडताना ते सगळं उचकटून न्यायचं. दोन-तीन वर्षांसाठी जाणाऱ्याला मी डोळे झाकून ईबीकेचं घर घ्यायला सांगतो. पाच-सात वर्षांचा बेत असेल तर गणित बदलतं.

मधला एक रस्ता आहे, आबलोझे. जाणारा भाडेकरू आपलं स्वयंपाकघर, पडदे, कधी कपाट आणि वॉशिंग मशीनही जागच्या जागी तुम्हाला विकतो. त्याचं उचकटायचं काम वाचतं, तुमचं आणायचं. म्हणून इथं घासाघीस करायला भरपूर जागा असते: त्यालाही घर सोडायच्या तारखेपर्यंत हे सगळं काढायचंच असतं. फक्त काय-काय मिळणार याची यादी कागदावर घ्या, फोटो काढा आणि दोघांच्या सह्या करा. आणि या व्यवहाराला घरमालकाची हरकत नाही ना, हे पैसे देण्याआधी विचारा.

विद्यार्थ्यांना एक वेगळं सांगणं. व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये जे 11,904 युरो भरले जातात, त्यातले महिन्याला 992 हातात येतात. त्यातून खोलीभाडं, विमा, जेवण गेलं की घर लावायला काही उरत नाही. तेव्हा पहिलं वर्ष श्टुडिरेंडनवेर्कच्या, म्हणजे विद्यार्थ्यांच्या सोयी बघणाऱ्या संस्थेच्या, वसतिगृहात खोली मिळाली तर तीच घ्या, तिथं पलंग-टेबल-कपाट बहुतेक असतंच. ती मिळत नसेल तर कुणाची तरी सामानासकटची खोली एक-दोन महिने पोटभाड्यानं घ्या आणि मग शांतपणे घर शोधा. विमानातून उतरल्या-उतरल्या रिकाम्या घराचा करार करणं हे सगळ्यात खर्चिक काम आहे.

सोलापुरातून काय न्यायचं

आपल्या गावातून नेण्यासारखी गोष्ट म्हणजे कापड. लाकूड आणि लोखंड तिकडं जुन्यात स्वस्त मिळतं. चांगलं जाड सुती कापड तिकडं महाग आहे आणि आपल्याकडं ते दारात विणलं जातं. सोलापुरी चादर आणि इथला टर्किश टॉवेल, दोघांनाही भौगोलिक मानांकन आहे, म्हणून नवी पेठेत 'सोलापुरी' म्हणून जे दिसेल ते घेऊ नका. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत कारखान्यांची विक्री दुकानं आहेत, तिथं जाऊन घ्या. चादर उलटून बघा: खरी जकार्डची चादर दोन्ही बाजूंनी वापरता येते, नक्षी मागच्या बाजूला रंग पालटून उमटलेली दिसते. एका बाजूला छापलेली असेल तर ती चादर बाजूला ठेवा. कोपरा ओल्या पांढऱ्या रुमालानं घासून रंग लागतो का तेही तिथंच बघून घ्या, दुकानदार काही म्हणत नाही.

किती न्यायच्या? माणशी दोन चादरी पुरे. चांगली चादर वजनाला भारी असते, आणि बॅगेला बहुतेक कंपन्यांत 23 किलोची मर्यादा. त्या दोन चादरी तिकडं चार कामं करतात: पलंगपोस, जुन्या सोफ्यावरचं आवरण, पाहुण्याचं पांघरूण आणि उन्हाळ्यातलं स्वतःचं पांघरूण. थंडीत पांघरायला मात्र तिकडची दुलईच घ्या, तिचं नेहमीचं माप 135 बाय 200 सेंटिमीटर असतं आणि तिचे अभ्रेही त्याच मापाचे मिळतात. आजीची वाकळ सोलापुरातच राहू द्या. घराला हीटिंग असतं, आणि ती वाकळ धुवून वाळवायला तिकडच्या हिवाळ्यात जागा सापडणार नाही.

बेडशीट नेताना माप बघा. आपल्याकडची डबल गादी 72 बाय 78 इंचांची, म्हणजे 183 बाय 198 सेंटिमीटर. तिकडचा मोठा पलंग 180 बाय 200, तेव्हा साधी सपाट बेडशीट चालते. पण एकटा माणूस बहुधा 90 किंवा 140 रुंदीची गादी घेतो. इलास्टिकवाली नेऊ नका, सपाट न्या. उशीचा अभ्रा तर अजिबात नेऊ नका: जर्मन उशी 80 बाय 80 ची, चौकोनी आणि भली थोरली असते.

टॉवेल नेताना सगळ्यात जाड तो सगळ्यात चांगला, हा आपला नियम सोडा. आपल्या उन्हात तो तासाभरात वाळतो. तिकडं नोव्हेंबरात बंद खोलीत दोन दिवस ओला राहतो आणि वास मारतो. मध्यम जाडीचे घ्या. सात-आठ नॅपकिन जास्तीचे ठेवा. वॉशिंग मशीन चौथ्या मजल्यावर चढवायला हात लावणाऱ्या शेजाऱ्याला द्यायला त्याच्यासारखी भेट नाही.

सतरंजी न्यावी का, असं बरेच जण विचारतात. पातळ असेल तर न्या. पहिले काही आठवडे तीच तुमची बैठक, जेवणाचं टेबल आणि अभ्यासाची जागा असते.

भांड्यांचं थोडक्यात सांगतो, कारण इथं लोक जास्त वाहून नेतात. कुकर न्या, पण तळाला इंडक्शन चालणारं स्टीलच घ्या. ॲल्युमिनियमचा कुकर इंडक्शनवर तापत नाही. सोबत दोन रिंगा आणि एक सेफ्टी व्हॉल्व्ह. भाकरीचा खोलगट लोखंडी तवा नेऊ नका: तिकडच्या काचेच्या सपाट शेगडीला तो मध्ये एवढासा टेकतो, आणि भाकरी मध्ये करपून कडेला कच्ची राहते. सपाट बुडाचा तवा तिकडंच घ्या. पोळपाटाची गरज नाही, ओट्यावर लाटता येतं. लाटणं मात्र न्या. मिक्सर डब्यांसकट चार-पाच किलो होतो, पण दोन्हीकडं वीज 230 व्होल्ट, 50 हर्ट्झच असल्यानं तो तिकडं चालतो. फक्त अडॅप्टर अर्थिंगचा हवा. विमानतळावर मिळणाऱ्या प्रवासी अडॅप्टरांत बऱ्याचदा अर्थिंगच नसतं, आणि त्यावर मिक्सर चालवू नये. इथून बल्ब नेऊ नका. आपला खाचेत अडकवायचा बल्ब तिकडच्या फिरकीच्या होल्डरात बसत नाही.

राहिलेलं सामान नंतर पार्सलनं पाठवू, असं घरचे म्हणतात. युरोपियन युनियनबाहेरून आलेली खाजगी भेट 45 युरो किमतीपर्यंतच करमुक्त असते, आणि विमानाच्या पार्सलचा किलोमागचा दर बघितलात की तेवढ्यात तिकडं जुनं कपाट येईल. शेंगाचटणी न्यायला हरकत नाही. तूप, खवा, पेढे मात्र बॅगेत घालू नका, दुधाचे पदार्थ युरोपियन युनियनमध्ये बाहेरून आणायला बंदी आहे. फर्निचरच्या लेखात हे कशाला, असं वाटेल. पण वजन बॅगेतच मोजलं जातं ना.

पहिला आठवडा: झोप, उजेड, पाणी

किल्ली घेताना घरमालकासोबत घर फिरून युबरगाबे-प्रोटोकोल भरला जातो, म्हणजे घर कोणत्या अवस्थेत मिळालं त्याची नोंद. फरशीवरचा चरा, सिंकचा टवका, खिडकीची न लागणारी कडी, सगळं लिहून घ्या आणि फोटो काढा. लाजू नका. नोंद न झालेला चरा जाताना तुमच्या नावावर चढतो. त्याच दिवशी घरमालकाकडून राहण्याचा दाखलाही घ्या, कारण घरात आल्यापासून दोन आठवड्यांत पालिकेत आनमेल्डुंग, म्हणजे पत्त्याची नोंदणी, करायची असते आणि तिथं तो लागतो.

मग फक्त तीन गोष्टी. झोपायला गादी, उजेडाला एक टेबललॅम्प, आणि न्हाणीघराचा पडदा. तिसरी गोष्ट ऐकून लोक हसतात. जर्मन न्हाणीघरात जमिनीला बहुतेक वेळा मोरी नसते. टबाच्या बाहेर बादली घेऊन आपल्या पद्धतीनं अंघोळ केलीत, तर पाणी फरशीखाली मुरतं आणि खालच्याच्या छतात उतरतं. टबात उभं राहा, पडदा लावा, बादली-मगही टबातच ठेवा. याच आठवड्यात खाजगी हाफ्टप्फ्लिश्ट विमा काढा, तो दुसऱ्याच्या मालमत्तेचं आपल्या हातून झालेलं नुकसान भरून देतो आणि वर्षाचा हप्ता किरकोळ असतो. घेताना 'भाड्याच्या घराचं नुकसान' त्यात धरलंय का, ते वाचून बघा.

गादी नवीच घ्या. जुन्यात घ्यायची नाही अशी हीच एक मोठी वस्तू, ढेकणांमुळं. रस्त्यावर ठेवलेली गादी कितीही स्वच्छ दिसली तरी घरात आणू नका. ढेकूण शिवणीत बसतो. इकेया, यिस्क अशा दुकानांत साधी गादी 100 ते 200 युरोत येते. लक्षात ठेवा, पलंगाची चौकट, तिच्यातल्या लाकडी पट्ट्यांचा लाटेनरोस्ट आणि गादी, तिन्ही बऱ्याचदा वेगवेगळी विकली जातात. जाहिरातीतला पलंग स्वस्त दिसतो तो यामुळं. पहिले काही आठवडे गादी जमिनीवर टाकून चालतं, पण रोज सकाळी ती उभी करून ठेवा, नाहीतर थंड फरशीवर खालून ओल धरते.

छताच्या वायरींना दिवा लावायचा असेल तर आधी फ्यूजबोर्डावरून त्या खोलीचं स्विच पाडा. काम साधं आहे, पण हात बसला नसेल तर मित्राला बोलवा.

या आठवड्यात बाकी काहीही घेऊ नका. त्याऐवजी मीटरची टेप घेऊन घर मोजा: खोली, दार, जिन्याचं वळण, लिफ्ट असेल तर तिचं दार. वरच्या मजल्यावर छत उतरतं असेल तर भिंतीची उंची कडेला किती राहते तेही. उतरत्या छताच्या खोलीत दोन मीटरचं कपाट बसत नाही, हे कपाट आणल्यावर कळून उपयोग नाही. ही मापं मोबाइलमध्ये कायम ठेवा. चांगली जाहिरात तासाभरात हातची जाते, तेव्हा माप घ्यायला घरी धावायला वेळ नसतो.

दुसरा ते सहावा आठवडा: जुनं कुठं आणि कसं घ्यायचं

खरा बाजार आहे क्लाइनआनत्सायगेन, जुन्या वस्तूंच्या जाहिरातींची वेबसाइट. 2023 पर्यंत त्याच्या नावात ईबे होतं, अजूनही जुने लोक तेच म्हणतात. त्यात 'त्सु फेरशेंकेन' हा फुकट द्यायच्या वस्तूंचा विभाग आहे. टेबल, खुर्च्या, पुस्तकांची मांडणी, कधी कधी आख्खं कपाट, 'येऊन घेऊन जा' एवढ्याच अटीवर. जर्मनीत बहुतेक करार महिन्याच्या एक तारखेला सुरू होतात, म्हणून शेवटच्या आठवड्यात जाहिरातींचा पूर येतो. विद्यापीठाच्या गावांत सत्रं ऑक्टोबर आणि एप्रिलला सुरू होतात. सप्टेंबरच्या शेवटी सगळेच घेणारे असतात, भाव चढे. फेब्रुवारी-मार्च आणि जुलै-ऑगस्टात सोडून जाणारे जास्त असतात.

किमतीपुढं 'फाउ-बे' (VB) अशी दोन अक्षरं असली तर भाव कमी होऊ शकतो. पण मंगळवार बाजारातली आपली पद्धत इथं चालत नाही. 'शेवटचं किती?' एवढाच मेसेज टाकलात तर उत्तरच येत नाही. नमस्कार लिहा, वस्तू आहे का विचारा, कधी न्यायला येऊ शकता तो दिवस आणि वेळ सांगा, आणि मग दहा-पंधरा टक्के कमी भावाचं विचारा. ठरलेल्या वेळी पोचा. दारात गेल्यावर भाव पाडायचा नाही. जाहिरातीत न लिहिलेला दोष दिसला तरच. मी तर म्हणेन, वेळेवर येणारा गिऱ्हाईक म्हणून तुमची प्रतिमा झाली की विकणारी म्हातारी माणसं 'हा दिवा पण ने, ही ताटं पण ने' करत जास्तीचं देतात.

पैसे वस्तू बघून, हातात घेऊन, रोख द्या. आधी लिंक पाठवून कार्डाचे तपशील मागणारा, किंवा 'मी परगावी आहे, कुरियरनं पाठवतो' म्हणणारा, तो ठग समजा आणि पुढं बोलू नका.

सगळ्यात जास्त पारखून घ्यायची वस्तू वॉशिंग मशीन. साधारण 80 ते 150 युरोत चांगली चालू मिळते. बघायला गेलात की आधी दाराचा रबर बोटानं उलटून आतली घडी बघा; काळी बुरशी आणि कुबट वास असेल तर मशीन नीट वाळवलेलं नाही. मग रिकामा ड्रम हातानं जोरात फिरवा आणि गप्प राहून ऐका. नुसती सळसळ आली तर ठीक, खरखर किंवा घरघर आली तर बेअरिंग गेलंय, कितीही स्वस्त असलं तरी परत या. ड्रम वर-खाली हलवून बघा, थोडा डुलायला हवा, खडखडायला नको. शेवटी प्लग लावून पंधरा मिनिटांचा प्रोग्रॅम चालवायला सांगा: पाणी घेतं का आणि बाहेर टाकतं का. विकणाऱ्यानं नकार दिला तर तुम्हीही द्या. घेऊन जाताना ट्रान्सपोर्टचे बोल्ट त्याच्याकडं आहेत का विचारा, मागच्या बाजूनं ते लावले की ड्रम प्रवासात आपटत नाही. आणि घरी पहिल्या धुण्यात सोलापुरी चादर एकटीच, 30 अंशांवर टाका. तिकडची मशीन पाणी स्वतः तापवतात. 60 वर गेलेल्या लाल चादरीनं आख्ख्या घराचे बनियन गुलाबी केल्याचं उदाहरण ओळखीत आहे.

फ्रीजमध्ये मात्र स्वस्ताच्या मागं लागू नका. तिकडं विजेचं युनिट 35 सेंटच्या आसपास पडतं. वर्षाला 300 युनिट खाणारा जुना फ्रीज आणि 120 खाणारा बरा फ्रीज यांत 180 युनिटांचा फरक, म्हणजे वर्षाचे 63 युरो. फुकटचा जुना फ्रीज तीन वर्षांत जवळपास एका नव्या छोट्या फ्रीजचे पैसे खातो. आणताना आडवा केला असेल तर काही तास उभा ठेवूनच सुरू करा.

दुसरा ठिकाणा म्हणजे सोझियालकाउफहाउस, कारितास, डियाकोनी किंवा रेड क्रॉससारख्या संस्था चालवतात ती जुन्या वस्तूंची दुकानं. काही शहरांत पालिकेच्याच कचरा विभागाचं दुकान असतं: म्युनिकमध्ये हाले 2, हाम्बुर्गमध्ये श्टिलब्रुख, बर्लिनमध्ये नोखमाल. इथं वस्तू हात लावून बघता येते आणि बऱ्याच ठिकाणी थोडे पैसे घेऊन घरपोच करतात. धंदा म्हणून जुनं विकणाऱ्याला काही काळ तरी दोषाची जबाबदारी घ्यावी लागते; खाजगी विकणारा ती जाहिरातीतच झटकून टाकतो. म्हणून वीज लागणारी वस्तू दुकानातून घेतलेली बरी.

तिसरा ठिकाणा रस्ता. श्पेरम्युल, म्हणजे मोठा कचरा उचलायचा दिवस. आदल्या संध्याकाळी लोक जुनं फर्निचर बाहेर ठेवतात. लाकडी वस्तू दिसली तर त्या घराची बेल वाजवून विचारा आणि मगच घ्या, कारण उचलणं काही शहरांत नियमात बसत नाही. गाद्या आणि कापडी सोफे नाहीत. लाकडी वस्तूच्याही सांध्यांत आणि खिळ्यांच्या भोकांत मोबाइलचा उजेड पाडून काळे ठिपके आहेत का बघा.

इकेयाबद्दल आपल्याकडं दोन टोकं दिसतात, एक सगळं तिथूनच घेणारे आणि दुसरे नाव काढलं की नाक मुरडणारे. माझं मत असं, की तिथल्या वस्तू नव्या घेण्यापेक्षा जुन्या घ्याव्यात. जर्मनीत 1974 पासून त्यांची दुकानं आहेत, तेव्हा जवळपास प्रत्येक घरात काही ना काही आहे आणि भाव सगळ्यांना ठाऊक आहे. विकतानाही ती पटकन जातात. फक्त भुशाच्या फळीचं कपाट दोनदा उघडून जोडलं की स्क्रूची भोकं ढिली होतात. जोडलेलंच नेता येत असेल तर तसंच न्या. त्यांच्या दुकानात परत आलेल्या आणि मांडणीतल्या वस्तूंचा कमी भावाचा कोपराही असतो, आधी तिथं डोकावा.

सोफा? सहा महिने थांबा. सतरंजी, दोन उशा आणि चादर यावर चांगली बैठक होते. सोफा घेताना स्वस्त आणि काढताना सगळ्यात त्रासाचा.

आणायचं कसं

स्वस्त वस्तू महाग होते ती इथं. वीस युरोचं कपाट आणायला साठ युरोची गाडी केली, असं रोज घडतं. म्हणून शनिवार एक ठरवा आणि त्या दिवशी तीन-चार वस्तू एकाच फेरीत उचला. विकणारे आठवडाभर थांबतात, फक्त तसं आधी विचारा. कारशेअरिंगची छोटी टेम्पोगाडी तासावर मिळते, मोठ्या हार्डवेअरच्या दुकानांतही भाड्यानं असते. आपलं लायसन्स तिकडं राहायला आल्यापासून सहा महिने चालतं, सोबत भाषांतर ठेवा. गाडी देणाऱ्या कंपनीच्या स्वतःच्या अटी वेगळ्या असतात, त्या बुकिंगआधी वाचा. रविवार धरू नका: दुकानं बंद, आणि घरात ठोकाठोकीही करायची नाही. रात्री दहानंतरही शांतता पाळायची असते, ड्रिल आणि वॉशिंग मशीन दोन्ही बंद.

मांडणी करताना ओल आणि फोडणी

बाहेरच्या भिंतीला कपाट चिकटवू नका, पाच-दहा सेंटिमीटर जागा सोडा. आपला स्वयंपाक वाफेचा, हवा थंड, खिडक्या घट्ट. ती वाफ कपाटामागच्या थंड भिंतीवर जाऊन बसते आणि पहिल्याच हिवाळ्यात बुरशी येते. घरमालक आणि भाडेकरू यांच्यातलं हे नेहमीचं भांडण. रोज दोन-तीनदा खिडक्या सताड उघडून पाच-दहा मिनिटं हवा खेळवा. खिडकी नुसती तिरकी करून दिवसभर ठेवली तर भिंत थंड पडते आणि बिल वाढतं. रेडिएटरपुढं पलंग किंवा जाड पडदा नको, उष्णता मागंच अडकते.

दोन माणसांच्या, ईबीके असलेल्या घराचा हिशोब साधारण असा बसतो: नवी गादी 150 ते 250, जुना पलंग लाटेनरोस्टसकट 50 ते 80, टेबल-खुर्च्या 40 ते 60, वॉशिंग मशीन 100 ते 150, कपाट 30 ते 80, दिवे 40 ते 60, गाडीभाडं 60 ते 80. म्हणजे 470 ते 760 युरो. शिवाय घरटी रुंडफुंकबाइट्राग म्हणून महिन्याला 18.36 युरोची नभोवाणी वर्गणी असते, टीव्ही असो वा नसो. झाडू, बादली, साबण, हँगर अशा किरकोळीला ॲक्शन किंवा टेडीसारखी स्वस्त दुकानं. श्टुटगार्टकडं जिना झाडायची पाळीही भाडेकरूंवर येते, तेव्हा लांब दांड्याचा ब्रश लागणारच. सुरुवातीला प्रत्येक युरोला शंभरनं गुणायची सवय असते. दुकानात ती सोडा, नाहीतर गरजेचा दिवा घेत नाही आणि नको ती स्वस्त वस्तू घेतो.

घर सोडताना

भाडेकरूला तीन महिन्यांची नोटीस द्यावी लागते. नोटीस दिल्याबरोबर पुढच्या भाडेकरूला काय-काय हवंय ते विचारा, आता आबलोझे तुम्ही देणार. जे उरेल त्याच्या जाहिराती दीड महिना आधी टाका. पहिल्या पंधरवड्यात घेतलेल्या भावात, नंतर उतरवत. मोठ्या वस्तू आधी, पलंग आणि वॉशिंग मशीन शेवटी, 'अमुक तारखेनंतर न्यायचं' असं लिहून. शेवटच्या आठवड्यात उरलेलं त्सु फेरशेंकेनमध्ये टाका. तरीही उरलं तर श्पेरम्युलची तारीख आधीच घेऊन ठेवलेली हवी, काही शहरांत ती मिळायला आठवडे लागतात. रस्त्यावर तसंच टाकलंत तर दंड.

भिंतीतले प्लॅस्टिकचे खुंट काढून भोकं पुट्टीनं बुजवा. पहिल्या दिवशीच्या प्रोटोकोलची प्रत घेऊन घरमालकासोबत घर फिरा. काउत्सियोन लगेच हातात येत नाही: हीटिंग-पाण्याचा वर्षाचा हिशोब बाकी असेल तर घरमालक काही रक्कम त्यासाठी अडकवून ठेवू शकतो, आणि तो हिशोब यायला कित्येक महिने जातात. तेव्हा सोलापूरचा पत्ता आणि ईमेल घरमालकाला लेखी द्या, आणि काउत्सियोनचा शेवटचा पैसा जमा होईपर्यंत तिकडचं बँक खातं बंद करू नका.